तिरुप्पूर, नोय्यल नदी आणि टीशर्टचा धंदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इचलकरंजी, कोल्हापूर, सोलापूरकडच्या कापडवाल्या मंडळींशी तिरुप्पूरचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात, कुणाला तिथून माल मागवायचाय, कुणाला नदीचं काय झालं ते समजून घ्यायचंय, कुणाच्या पोराला तिकडे मर्चंडायझरची नोकरी लागलीय. म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहून ठेवलंय. नदीबद्दल जरा जास्तच लिहिलंय, कारण पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्याला ते वाचायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

तिरुप्पूर नक्की कुठे आहे?

तमिळनाडूच्या पश्चिमेला, कोइमतूरपासून साधारण ५० किलोमीटर. आधी कोइमतूर जिल्ह्यातलंच एक गाव होतं, २००९ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. या सगळ्या पट्ट्याला कोंगूनाडू म्हणतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला कोरडा भाग आहे, आपल्याकडे आटपाडी-जत कसं आहे तसा विचार करा, म्हणजे पाऊस कमी, विहिरी खोल आणि माणसं कष्टाळू. आजूबाजूला उत्तुकुळीचं लोणी प्रसिद्ध, कांगेयमचे बैल प्रसिद्ध, आणि मधोमध हे होजिअरीचं, म्हणजे बनियन-टीशर्टसारख्या विणीच्या कपड्यांचं शहर.

नोय्यल नदी म्हणजे कुठली? नाव कधी ऐकलं नाही.

कावेरीची उपनदी. कोइमतूरच्या पश्चिमेला वेल्लिंगिरी डोंगरात उगम पावते, कोइमतूर, तिरुप्पूर करत पूर्वेकडे जाते आणि करूर जिल्ह्यात कावेरीला मिळते, जिथे मिळते त्या गावाचं नाव पण नोय्यलच आहे. लांबी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. बारमाही नाही, पावसाळ्यात वाहणारी. पण जुन्या काळी या नदीवर एकामागून एक बंधारे आणि तळी अशी साखळी बांधलेली होती, एक तळं भरलं की जादाचं पाणी पुढच्या तळ्यात, त्यामुळे नदी आटली तरी विहिरींना पाणी राहायचं. त्यातली कित्येक तळी अजून आहेत. तिरुप्पूरजवळचं नंजरायन तळं तर आता पक्षी अभयारण्य आहे आणि २०२४ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता पण मिळाली.

गावात जिथे तिथे कुमारन हे नाव दिसतं, ते कोण?

तिरुप्पूर कुमारन. स्वातंत्र्यसैनिक. जानेवारी १९३२ मध्ये तिरुप्पुरात तिरंगा घेऊन मोर्चात चालताना पोलिसांच्या लाठीमारात जबर जखमी झाले आणि ११ जानेवारीला गेले, वय अवघं २७. खाली पडले तरी झेंडा हातातून सोडला नाही, म्हणून तमिळमध्ये त्यांना झेंडा राखणारा कुमारन म्हणतात. ते स्वतः सूतगिरणीत काम केलेले होते. गावातला मुख्य रस्ता त्यांच्याच नावाचा, स्मारक पण आहे, गेलात तर नक्की जा.

होजिअरी इथे आलीच कशी? कापूस तर आपल्या विदर्भात पण होतो.

कापूस या भागात पण व्हायचा, बाजारपेठ आणि जिनिंग (कापसातून सरकी काढणं) होतं, शेजारी कोइमतूरला गिरण्या होत्या म्हणजे सूत हाताशी. १९२० च्या दशकात पहिली निटिंग मशीन आली आणि बनियन विणायला सुरुवात झाली. तिरुप्पुरात आजही गारमेंट फॅक्टरीला लोक बनियन कंपनीच म्हणतात, मग ती जर्मनीला महागडे टीशर्ट पाठवत असली तरी. कित्येक वर्षं हा धंदा देशातल्या देशात होता, पांढरे बनियन आणि अंडरवेअर, बस. पुढे आसपासचे शेतकरी, ज्यांच्या विहिरी आटत चालल्या होत्या, ते यात उतरले, आधी दुसऱ्याच्या कंपनीत कामगार, मग भागीदारीत दोन मशीन, मग स्वतःचं युनिट, अशा पायऱ्या चढत आलेले मालक इथे भरपूर सापडतात.

एक्सपोर्टची सुरुवात १९७८ च्या सुमाराची, इटलीचा एक खरेदीदार मुंबईच्या निर्यातदारांमार्फत पांढऱ्या टीशर्टसाठी इथे पोचला, त्याला माल आवडला, मग युरोपातले बाकीचे आले. म्हणजे पहिला धागा आपल्या मुंबईतून गेलाय. १९८५ ला निर्यात १५ कोटींच्या घरात होती. १९९० मध्ये निर्यातदारांची संघटना झाली, तिरुप्पूर एक्सपोर्टर्स असोसिएशन, ए. शक्तिवेल तिचे संस्थापक अध्यक्ष, पुढे त्यांना पद्मश्री पण मिळाली.

आता धंदा केवढा आहे?

२०२४-२५ मध्ये निर्यात सुमारे ४० हजार कोटी रुपये, शिवाय देशातल्या बाजाराचा माल वेगळा. भारतातून जे कॉटन निटवेअर बाहेर जातं त्यातलं निम्म्याहून जास्त या एका गावातून जातं. काम करणारे सहा लाखांच्या आसपास धरतात. माल बहुतेक तूतुकुडी बंदरातून निघतो, थोडा कोची-चेन्नईतून.

एका छताखाली एवढ्या मोठ्या फॅक्टऱ्या आहेत का?

मोठ्या आहेतच, पण तिरुप्पूरची खरी ताकद जॉबवर्कमध्ये, म्हणजे एकेक काम बाहेरच्याकडून मजुरीवर करून घेण्यात आहे आणि हे समजल्याशिवाय तिथे धंदा करता येत नाही. ज्याला एक्सपोर्टर म्हणतो त्याच्याकडे बऱ्याचदा फक्त कटिंग, शिलाई आणि पॅकिंग असतं. सूत तो गिरणीतून घेतो, ते निटिंगवाल्याकडे जातं, तिथे गोल मशीनवर नळीसारखं ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कापड निघतं, ते डाइंगला जातं, रंगून आलं की कॉम्पॅक्टिंगला, म्हणजे कापड दाबून त्याचं आकसणं आधीच काढून टाकतात, मग प्रिंटिंगवाला वेगळा, एम्ब्रॉयडरीवाला वेगळा, काजा-बटणवाला वेगळा, आणि ऑर्डर जास्त झाली तर शिलाई पण पॉवर टेबलवाल्यांकडे, म्हणजे छोट्या शिलाई युनिटकडे. दिवसभर गावात छोटे टेम्पो कापडाचे रोल घेऊन या गल्लीतून त्या गल्लीत पळत असतात. यामुळे होतं काय की दोन मशीनवाला माणूस पण या साखळीत शिरू शकतो. उलट बाजू अशी की एका कड्याचं काम थांबलं की सगळंच थांबतं, आणि ते २०११ मध्ये थांबलंच, त्याबद्दल खाली.

इचलकरंजीच्या माणसाला हे ओळखीचं वाटेल, आपल्याकडे सायझिंग (सुताला खळ लावणं), माग, प्रोसेसिंग (कापड धुणं-रंगवणं) असंच वेगवेगळ्या हातात आहे. फरक एवढाच की आपलं कापड ताणा-बाण्याचं, त्यांचं विणीचं, टाक्यात टाका अडकवून केलेलं, म्हणून ते ताणलं जातं आणि अंगाला बसतं.

नदी कशामुळे मेली?

मिठामुळे, हे मुख्य उत्तर. लोकांना वाटतं की रंगामुळे. रंग दिसतो म्हणून तसं वाटतं. कॉटनला जे रिअ‍ॅक्टिव्ह रंग लागतात ते धाग्यावर नीट बसावेत म्हणून डाइंगच्या पाण्यात भरपूर मीठ टाकावं लागतं, साधं मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट. रंग बराचसा कापडावर राहतो, मीठ मात्र सगळंच्या सगळं धुवून पाण्यासोबत बाहेर जातं. आता साधा ट्रीटमेंट प्लांट रंग कमी करतो, गाळ बसवतो, पण विरघळलेलं मीठ त्याने निघतच नाही. म्हणजे वरून पाणी स्वच्छ दिसतं आणि तेच पाणी शेतात गेलं की जमीन खारट.

१९८० आणि ९० च्या दशकात एक्सपोर्ट झपाट्याने वाढला, त्यासोबत डाइंग-ब्लीचिंगची शेकडो युनिट नदीच्या दोन्ही काठांवर उभी राहिली. गावात गोडं पाणी पुरेना म्हणून आसपासच्या खेड्यातल्या विहिरींचं पाणी टँकरने विकत आणायचे आणि वापरलेलं खारं पाणी नोय्यलमध्ये सोडायचे. नदी कोरडी असताना तिच्यात जे वाहायचं ते हेच.

ओरत्तुपाळयम धरणाचं प्रकरण काय आहे?

हे वाचताना मला दर वेळी राग येतो. तिरुप्पूरच्या खाली नोय्यलवर १९९२ मध्ये हे धरण शेतीसाठी बांधलं. खालच्या ईरोड आणि करूर भागातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांना हक्काचं पाणी मिळणार होतं. झालं काय, वरच्या डाइंगचं सगळं खारं पाणी त्या धरणात येऊन साठलं. काही वर्षांतच शेतकरीच म्हणायला लागले की पाणी सोडू नका. सोडलं तर पिकं जळतात, साठवलं तर आसपासच्या विहिरी खाऱ्या होतात. नारळ वाळले, जनावरं ते पाणी पिईनात. सरकारच्या पैशाने सिंचनासाठी बांधलेलं धरण सांडपाण्याचा तलाव होऊन बसलं आणि ज्यांच्यासाठी बांधलं त्यांनाच कोर्टात जावं लागलं.

मग कोर्टाने काय केलं?

खालच्या भागातल्या शेतकऱ्यांची संघटना मद्रास हायकोर्टात गेली. लॉस ऑफ इकॉलॉजी ऑथॉरिटी म्हणून एक यंत्रणा होती तिने नुकसान मोजलं आणि हजारो शेतकऱ्यांना भरपाई ठरवली. २००६ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की झीरो लिक्विड डिस्चार्ज (झेडएलडी) करा, म्हणजे एक थेंब सांडपाणी पण बाहेर सोडायचं नाही. डाइंगवाले सुप्रीम कोर्टात गेले, २००९ मध्ये तिथेही हरले. तरी मुदतीवर मुदती चालूच राहिल्या. शेवटी २८ जानेवारी २०११ ला हायकोर्टाने तिरुप्पूरमधली डाइंग आणि ब्लीचिंगची सगळी युनिट बंद करायचा आदेश दिला, सातशेहून जास्त, वीज तोडून बंद.

त्या वर्षी तिरुप्पूरचे हाल झाले हे खरंय. कापड रंगवायला ईरोडला, लुधियानाला, अहमदाबादला पाठवायचे, खर्च वाढला, ऑर्डर वेळेत जाईनात, कामगार गावाकडे परतले, कर्जं थकली. तेव्हा सगळीकडे एकच बोललं जायचं की तिरुप्पूर संपलं, पर्यावरणवाल्यांनी धंदा मारला.

आणि धंदा खरंच मेला का?

नाही मेला, वरचा ४० हजार कोटींचा आकडा बघा. राज्य सरकारने सामूहिक प्रक्रिया केंद्रांना, म्हणजे सीईटीपींना, २०० कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं, डाइंगवाल्यांनी स्वतःचा पैसा घातला, आणि एकेक करून सीईटीपी झेडएलडी करून परत सुरू झाले. आज असे १८ सीईटीपी आहेत, शिवाय मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे प्लांट. देशातल्या टेक्स्टाइल क्लस्टरमध्ये एवढ्या मोठ्या प्रमाणावर झेडएलडी पहिल्यांदा इथे झालं.

म्हणून कुणी नदी की नोकऱ्या असा प्रश्न टाकला की मी तिरुप्पूरचं उदाहरण देतो. कोर्टाने दांडका उगारला नसता तर हे झालं नसतं, हेही तेवढंच खरं, कारण त्याआधी जवळजवळ वीस वर्षं नुसत्या बैठका आणि मुदतवाढी चालल्या होत्या.

झेडएलडी नेमकं चालतं कसं?

थोडक्यात सांगतो. आधी जैविक प्रक्रिया, म्हणजे जिवाणू घाण खातात. मग गाळण. मग आरओ, घरच्या फिल्टरचंच तत्त्व पण अवाढव्य, त्यातून बरंचसं पाणी स्वच्छ होऊन परत डाइंगला जातं. उरतं ते अतिखारं पाणी. ते बाष्पीभवन यंत्रात उकळून आटवतात, शेवटी मीठ स्फटिक होऊन बाहेर पडतं. काही ठिकाणी ते खारं पाणीच शुद्ध करून परत डाइंगमध्ये मीठ म्हणून वापरतात, ही मला सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते, कारण जे मीठ फेकायचं तेच पुन्हा विकत आणायचं नाही. नव्वद टक्क्यांच्या वर पाणी परत मिळतं.

पण फुकट काही नाही. आटवायला इंधन आणि वीज प्रचंड लागते, त्यामुळे डाइंगचा दर वाढतो. शेवटी मिश्र मीठ उरतं ज्याचा कशालाच उपयोग नाही, ते सीईटीपीच्या गोदामात साठून राहतं. गाळ सिमेंट कारखान्यांना जाळायला देतात. विजेचं म्हणाल तर पालघाट खिंडीतून येणारा वारा या भागात चांगला आहे, बऱ्याच निर्यातदारांनी स्वतःच्या पवनचक्क्या लावल्यात, त्याचा आधार आहे.

म्हणजे नोय्यल आता स्वच्छ झाली?

नाही, असं म्हणता येणार नाही. डाइंगचं पाणी खूप कमी झालं पण चोरून सोडणारी छोटी युनिट अधूनमधून पकडली जातात. शहरांचं सांडपाणी अजून नदीत येतं. आणि जमिनीत मुरलेलं मीठ काढायला कुठलंच मशीन नाही, दोन-चार चांगले पावसाळे झाले की विहिरींचं पाणी थोडं सुधारतं, एवढंच. चांगल्या बाजूला, वनत्तुक्कुळ तिरुप्पूर म्हणून २०१५ पासून उद्योजकांनीच झाडं लावायचा कार्यक्रम चालवलाय, लाखो झाडं लावलीत, आणि नुसती लावून फोटो काढत नाहीत, शेतकऱ्याच्या जमिनीत लावून जगवतात.

पंचगंगेला हे लागू होतं का?

होतं, पण जसंच्या तसं नाही. इचलकरंजीत मागावरचं काम जास्त, प्रोसेसिंग हाउसची संख्या तिरुप्पूरच्या मानाने कमी, आणि पंचगंगेत कोल्हापूरचं सांडपाणी, साखर कारखाने, गावोगावचे नाले असे बरेच हिस्सेदार आहेत, त्यामुळे दोष एकमेकांवर ढकलायला सोपं जातं. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली, तरी आपण दर उन्हाळ्यात मेलेल्या माशांचे फोटो फॉरवर्ड करतोय आणि पिण्याचं पाणी दुसऱ्या नदीतून आणायच्या योजनांवर भांडतोय. तिरुप्पुरात खालच्या गावातले शेतकरी एकत्र येऊन कोर्टात टिकून राहिले, वर्षानुवर्षं. आपल्याकडे शिरोळ तालुका खाली आहे, तिथली माणसं आंदोलनं करतात, त्यांना वरच्या शहरांनी साथ द्यायला हवी. प्रोसेसर मंडळींना पण माझी कळकळीची विनंती आहे, एकदा तिरुप्पूरचा एखादा सीईटीपी बघून या, दाखवतात ते.

कामगारांची स्थिती कशी आहे?

काम मिळतं, लगेच मिळतं, हे खरं. पूर्वी मदुराई, तेनी, दिंडिगलकडचे लोक यायचे, आता ओडिशा, बिहार, झारखंड, बंगालची पोरं मोठ्या संख्येने आहेत. अर्ध्याहून जास्त कामगार बायका. दीड शिफ्ट हा तिथला रोजचा शब्द, सकाळी साडेआठ ते रात्री साडेआठ. पगार बऱ्याच ठिकाणी शनिवारी, आठवड्याचा. युनियनचा इतिहास जुना आहे, १९८४ मध्ये महागाई भत्त्यासाठी १२७ दिवसांचा संप झाला होता.

वाईट बाजू लपवायची नाही. आसपासच्या सूतगिरण्यांमध्ये सुमंगली नावाची पद्धत होती, गरीब घरच्या मुलींना तीन वर्षं हॉस्टेलमध्ये ठेवून राबवायचं आणि शेवटी हुंड्याला उपयोगी म्हणून एकरकमी पैसे द्यायचे, मधेच सोडलं तर काहीच नाही. २०१० नंतर यावर जगभरातून टीका झाली, परदेशी ब्रँडनी दबाव आणला. मुलीला तिकडे पाठवणाऱ्या आईबापांनी हॉस्टेलमधून बाहेर जायची मोकळीक आहे का, पगार खात्यावर दर महिन्याला येतो का आणि पीएफ-ईएसआय कापतात का, हे आधी विचारावं. मार्च २०२३ मध्ये परप्रांतीयांवर हल्ले होतात म्हणून खोटे व्हिडिओ फिरले होते, घाबरून बरेच जण गावी गेले, ते व्हिडिओ खोटे निघाले.

अमेरिकेच्या टॅरिफचा किती फटका?

२०२५ मध्ये मोठा बसला. २७ ऑगस्टपासून भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ लागलं आणि तिरुप्पूरच्या निर्यातीत अमेरिकेचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास, त्यामुळे ऑर्डर थांबल्या, काहींनी तोट्यात माल पाठवला. केंद्राने कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी त्या वर्षअखेरपर्यंत काढली, थोडा दिलासा. सगळ्यांची नजर ब्रिटनवर लागली, २४ जुलै २०२५ ला करार झाला, त्या बाजारात बांगलादेश बिनड्युटीचा आणि आपल्या कपड्यांवर ९.६ टक्के अशी स्थिती होती. माझं मत विचाराल तर खरी अडचण दुसरी आहे, जग सिंथेटिक कपड्यांकडे चाललंय आणि तिरुप्पूर अजून कॉटनवर बसलंय.

मला छोटा टीशर्ट ब्रँड काढायचाय, तिथून माल कसा घ्यावा?

आधी ठरवा की तयार स्टॉक हवाय की स्वतःच्या मापाने बनवून. तयार स्टॉक आणि एक्सपोर्ट सरप्लससाठी रेल्वे स्टेशनजवळचा खादरपेट बाजार. ऑर्डरपेक्षा थोडे पीस जास्त कापलेले असतात, काही चेकिंगमध्ये बाद होतात, ते इथे येतात. स्वस्त मिळतं, पण प्रत्येक बंडल उघडून बघा, छोटी छिद्रं, डाग, आणि साइडची शिलाई तिरकी जाते का ते. युरोपियन साइज आपल्याला मोठे होतात हे पण लक्षात ठेवा.

बनवून घ्यायचं तर कापडाचा जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन सांगा, उन्हाळी टीशर्टला १८० सिंगल जर्सी (साधी एकपदरी वीण) पुष्कळ झालं, कॉलरवाल्याला पिके नावाचं जाळीदार विणीचं कापड. नुसतं चांगलं कापड पाहिजे असं म्हणू नका, कोम्ब्ड (विंचरलेलं) सूत, बायोवॉश (एन्झाइमने धुऊन कापडावरचे बारीक तंतू काढणं), कॉम्पॅक्टिंग हे लिहून घ्या. सॅम्पल आला की घरी तीनदा धुवा, उन्हात वाळवा, मग मोजा. रंग स्वतःचा हवा असेल तर डाइंगचा लॉट किमान ठरावीक किलोंचा लागतो, म्हणून सुरुवातीला त्यांच्याकडे असलेल्या रंगांतच भागवा. सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी ५ टक्के आहे, त्याच्या वर १८, कोटेशन त्याप्रमाणे तपासा.

आणि एक प्रश्न जरूर विचारा, कापड कुठल्या डाइंगमध्ये रंगणार आणि ते सीईटीपीचे मेंबर आहेत का. रेट कुणाचा संशयास्पद कमी असेल तर बहुतेक वेळा बचत इथेच झालेली असते. किलोमागे थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण चोरून पाणी सोडणाऱ्याकडून घेऊ नका.

जायचं कसं आणि भाषेचं काय?

मुंबई, पुणे, सोलापूरकडून कुर्ला-कोइमतूर एक्सप्रेस थेट तिरुप्पूरला थांबते. विमानाने गेलात तर कोइमतूरला उतरा, तिथून बस-ट्रेन मुबलक. मार्केटमध्ये मोडकं हिंदी-इंग्रजी चालतं, मालक लोकांना चालतंच चालतं, शिलाई युनिटमध्ये मात्र सुपरवायझर लागेल मधे. अण्णा, अक्का म्हणून हाक मारा, कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला ते काही नवीन नाही. रविवारी जाऊ नका, फॅक्टऱ्या बंद असतात, आणि पोंगल-दिवाळीच्या आसपास आठवडाभर कामगार गावी गेलेले असतात, त्या दिवसांत डिलिव्हरीची तारीख कुणी दिली तरी त्यावर आठ-दहा दिवस स्वतःच वाढवून धरा.